पुढचा प्लेस्टेशन की पुढचा एक्सबॉक्स? फुटलेल्या आकड्यांतले कोणते धरायचे, कोणते सोडायचे

आत्ता पीएस५ घ्यावा की पुढच्या पिढीसाठी थांबावं, या विचारात असलेल्यांसमोर सध्या दोन तक्ते फिरतायत. पुढच्या प्लेस्टेशनचा तक्ता म्हणतो: चिपकंपनी एएमडीचे झेन ६ कोअर (प्रोसेसर), चित्र काढणाऱ्या जीपीयूची ५२ ते ५४ कम्प्यूट युनिट्स, १६० बिटची मेमरी बस (चिप आणि मेमरीमधला डेटाचा रस्ता), ३० किंवा ४० जीबी जीडीडीआर७ मेमरी. पुढच्या एक्सबॉक्सच्या ‘मॅग्नस’ नावाच्या चिपचा तक्ता म्हणतो: ६८ कम्प्यूट युनिट्स, १९२ बिटची बस, ४८ जीबीपर्यंत मेमरी. हे आकडे गळतीतून आलेत, कंपन्यांच्या तोंडून नाही. तरी ते सरसकट कचऱ्यात टाकू नका. यातले काही आपले आपल्याला ताडून पाहता येतात, आणि नेमके तेच निर्णयाच्या कामाचे आहेत.

आधी टेराफ्लॉप्स, म्हणजे जीपीयूच्या गणिती वेगाचा आकडा, बाजूला ठेवू, कारण सगळ्यात जास्त भांडणं त्यावर होतात आणि सगळ्यात कमी उपयोग त्याचाच होतो. सूत्र सोपं आहे: कम्प्यूट युनिट्स गुणिले ६४ गुणिले २ गुणिले क्लॉक (जीपीयूचा वेग, गिगाहर्ट्झमध्ये), भागिले १०००. पीएस५ची ३६ युनिट्स २.२३ गिगाहर्ट्झवर चालतात, उत्तर १०.२८. पीएस५ प्रो या जास्त ताकदीच्या आवृत्तीची कागदपत्रं २०२४च्या सुरुवातीला फुटली तेव्हा त्यात ३३.५ हा आकडा होता आणि लोक हरखून गेले. मशीन आल्यावर प्लेस्टेशनचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी स्वतःच १६.७ हा आकडा दिला. गळती खोटी नव्हती. नव्या आर्किटेक्चरमध्ये एका वेळी दोन क्रिया करण्याची सोय धरून आकडा दुप्पट मोजला होता, एवढंच. सध्याच्या एक्सबॉक्स सिरीज एक्सचा आकडाही असाच फसवा. कागदावर १२ टेराफ्लॉप्स, पीएस५पेक्षा सरळसरळ जास्त, पण दोन्हींवर येणारे बहुतेक गेम शेजारी शेजारी लावले तर फरक शोधावा लागतो. त्यामुळे ६८ विरुद्ध ५४ यावरून आजच कोणाला विजयी ठरवू नका. क्लॉक कळल्याशिवाय तो गुणाकार अर्धवटच आहे.

मेमरीचं मात्र वेगळं आहे. तिथे हार्डवेअरचे नियम आड येतात आणि अफवेला हवं तसं वाकता येत नाही.

जीडीडीआरची एक चिप ३२ बिट रुंदीने जोडली जाते. पीएस५ची बस २५६ बिटची, म्हणजे ८ चिप, प्रत्येकी २ जीबी, एकूण १६. चिपचा वेग बसच्या प्रत्येक बिटमागे सेकंदाला १४ गिगाबिट. २५६ ला १४ ने गुणा, ८ ने भागा, की सेकंदाला ४४८ जीबी हा अधिकृत आकडा येतो. सिरीज एक्सची बस ३२० बिटची, म्हणून १० चिप, त्यातल्या सहा २ जीबीच्या आणि चार १ जीबीच्या. म्हणूनच त्याची १० जीबी मेमरी ५६० च्या वेगाने चालते आणि उरलेली ६ जीबी ३३६ च्या. एकदा हे गणित हाताशी आलं की फुटलेला कुठलाही तक्ता तपासता येतो.

आता १६० बिट घ्या. पाच चिप. ३ जीबीच्या जीडीडीआर७ चिप आज मिळतात, त्याने १५ जीबीच होतात. बोर्डच्या दोन्ही बाजूंना चिप बसवून त्या दहा केल्या तर ३०. म्हणजे ३० जीबीची अफवा गणितात बसते. ४० हवे असतील तर ४ जीबीच्या चिप लागतील. मॅग्नसचंही तसंच: १९२ बिट म्हणजे सहा चिप, दोन्ही बाजूंनी बारा. ३ जीबीच्या चिपने ३६, आणि ४८ साठी पुन्हा ४ जीबीच्याच. मी ३० आणि ३६ धरून चालतो. २०२५च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटर्सच्या मागणीने मेमरीचे भाव भडकलेत, अशा वेळी कन्सोल बनवणारा कोणीही जास्तीची मेमरी हौसेने घालणार नाही. आणि १६० बिटच्या बसला ३२ जीबी जोडून सांगणारा तक्ता दिसला तर तो तिथेच बंद करा. सगळ्या चिप सारख्या असतील तर ते जमतच नाही.

मेमरीला मी इतकं महत्त्व का देतोय? स्वस्तातला एक्सबॉक्स सिरीज एस आठवा. त्यात १० जीबी मेमरी आहे. बाल्डर्स गेट ३ हा २०२३मध्ये एक्सबॉक्सवर उशिरा आला, कारण सिरीज एसवर स्प्लिट स्क्रीन (एकाच टीव्हीवर दोघांनी खेळणं) जमत नव्हतं, आणि शेवटी त्या मशीनवर ते फीचर वगळूनच गेम आला. जीपीयू कमी पडला तर रिझोल्यूशन उतरवता येतं. मेमरी कमी पडली की गेमचा भागच कापावा लागतो.

आता वेग. प्लेस्टेशनच्या तक्त्यात चिपचा वेग ३२ गिगाबिट दिलाय, त्याने सेकंदाला ६४० जीबी होतात. पीएस५ प्रोचा वेग ५७६ आहे. एवढ्या वर्षांनी येणाऱ्या मशीनसाठी ही वाढ फारच थोडी वाटते, आणि तक्त्यावर शंका घ्यायला हीच जागा आहे. पण ऑक्टोबर २०२५मध्ये सर्नी आणि एएमडीचे जॅक हुइन्ह यांनी सोनी आणि एएमडीच्या एकत्रित प्रोजेक्ट अॅमेथिस्टमधली तीन तंत्रं उघडपणे मांडली, त्यातलं एक होतं युनिव्हर्सल कॉम्प्रेशन: जीपीयू आणि मेमरीमधला डेटा दाबूनच पाठवायचा, म्हणजे तीच बस जास्त ओझं वाहील. दुसरी दोन म्हणजे रे ट्रेसिंगसाठी (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणं) वेगळे रेडियन्स कोअर आणि एआय अपस्केलिंगसाठी (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं आणि स्पष्ट करणं) न्यूरल अॅरे. ही तंत्रं अजून सिम्युलेशनमध्येच आहेत, असं सर्नी यांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं. अरुंद बस आणि हे कॉम्प्रेशन एकत्र ठेवलं की तक्ता मला पटतो. मॅग्नस त्याच वेगाच्या चिप वापरेल असं धरलं तर त्याचा वेग ७६८ होतो. ताकदीत एक्सबॉक्स पुढे राहील, या अंदाजाला मी इथे मान्यता देतो, टेराफ्लॉप्समुळे नाही.

स्टोरेजवर वेळ घालवू नका, दोन्हींत वेगवान एसएसडीच असणार.

मग करायचं काय? तुमच्याकडे अजून पीएस४ असेल किंवा कन्सोलच नसेल, तर थांबू नका, साधा पीएस५ घ्या. पीएस५ नोव्हेंबर २०२०मध्ये आला, तरी गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक नोव्हेंबर २०२२मध्ये पीएस४वरही आलाच होता. या वेळीही जुन्या पिढीला तशीच मुदत मिळेल असं मला वाटतं, आणि जीटीए ६ सारखा गेम जाहीरच याच पिढीसाठी झालाय.

पीएस५ असेल तर खुशाल थांबा. मधल्या काळासाठी प्रो घेण्याचा मोह होतो, पण त्यातला प्रोसेसर तोच झेन २ आहे, क्लॉक जेमतेम १० टक्के वर जातो. जे गेम प्रोसेसरमुळे अडतात ते तिथेही अडतात. मोठा टीव्ही आहे आणि धूसर चित्र सहन होत नाही, अशांनाच सोनीच्या पीएसएसआर या एआय अपस्केलिंगसाठी प्रो परवडतो. बाकीच्यांनी झेन ६ ची वाट पाहावी, कारण प्लेस्टेशनच्या तक्त्यातली खरी उडी प्रोसेसरमध्येच आहे.

एक्सबॉक्सवर वर्षानुवर्षं गेम विकत घेतलेल्यांचा हिशोब वेगळा. जून २०२५मध्ये एएमडीसोबतच्या भागीदारीची घोषणा करताना मायक्रोसॉफ्टने सध्याची लायब्ररी पुढच्या मशीनवर चालेल, आणि अनुभव एकाच स्टोअरपुरता बांधलेला नसेल, असं सांगितलंय. हा अफवेतला आकडा नाही, कंपनीचा शब्द आहे. तुमची लायब्ररी मोठी असेल तर १९२ की १६० बिट हा प्रश्न तुमच्यासाठी दुय्यम ठरतो, सिरीज एक्स सांभाळून ठेवा आणि मॅग्नससाठीच थांबा. सिरीज एसवर असाल तर मात्र नवे मोठे गेम घेण्याआधी त्या मशीनवर त्यातलं काय वगळलंय ते पाहून घ्या.