नव्या रेक्झिनखाली कापलेले पाय: जुन्या शेवरलेट पिकअपच्या सीटमध्ये ४३,०५० रुपये गेले

आकडा आधी. बयाणा १२,००० यूपीआयवर, माल निघायच्या आधी २६,५०० बँकेतून, पॅकिंगच्या नावाखाली १,५००, बिल्टी (ट्रान्सपोर्टवाल्याची मालपावती) सोडवताना भाडं २,८५० आणि हमाली २००. एकूण ४३,०५० रुपये. हाती आलं काय, तर कुठल्या तरी मिनीबसचा प्रवासी बाक.

गाडी १९५१ ची शेवरलेट ३१००, अर्ध्या टनाची. मूळ सीटची चौकट गंजून तुटलेली, म्हणून बदली सीट हवी होती. फोटो टाकायचे, 'ओरिजिनल, फक्त बसवा' म्हणायचं, आणखी दोन गिऱ्हाइकं रांगेत आहेत असं सांगायचं, ही तऱ्हा सगळ्यांना पाठ आहे. सीटच्या धंद्यात वेगळी गोष्ट एवढीच की नवं कव्हर चढवलेलं असतं आणि ते उसवून बघायला कोणाचा हात धजत नाही. ते चढवतातच त्यासाठी.

आता विकणाऱ्यानं पाठवलेला तो फोटो. सीटची डावी बाजू दोन-अडीच इंच बसलेली होती आणि उजवी ताठ. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे. जुन्या पिकअपची सीट उजवीकडेच खचते, त्यातही दाराकडची कड आधी जाते, कारण चढता-उतरता माणूस तिच्यावरूनच घसरतो. डावीकडे खचलेला बाक म्हणजे प्रवाशांचं दार डावीकडे असलेल्या गाडीतला. हे विचारलंही होतं. उत्तर आलं, "भाऊ, सेल्फी कॅमेऱ्यानं काढला, फोटो उलटा आला असन." समोरच्या कॅमेऱ्यात डावं-उजवं बदलतं हे खरंच आहे, कोणालाही पटलं असतं. पण त्याच फोटोत मागच्या भिंतीवर पंक्चरवाल्याची पाटी होती आणि तिच्यावरची अक्षरं सरळ होती. पाटी सरळ, म्हणजे फोटोही सरळ! उत्तर त्याच फोटोत लटकत होतं. अजून आठवलं की डोकं सणकतं.

दुसरी खूण बिल्टीवर होती: 'लोखंडी भंगार, १ नग, किंमत ४,०००'. ही बिल्टी पूर्ण पैसे गेल्यावर पाठवली. बाकी रक्कम सोडण्याआधी बिल्टीचा फोटो मागा. मालाचं वर्णन आणि किंमत जुळत नसेल तर एक रुपयाही पुढे सरकवू नका.

ओळख सीट उलटी केल्यावरच पटते. या शेवरलेटची गादी आणि पाठ वेगवेगळ्या चौकटींवर असते, आत गोल वळ्यांच्या स्प्रिंगांच्या रांगा. आलेल्या बाकात निघाल्या नागमोडी झिगझॅग स्प्रिंगा. खाली चार पाय कापल्याच्या जागा, ग्राइंडर फिरवून, पुट्टी भरून, काळा रंग मारलेल्या. लोहचुंबक सोबत ठेवा, जाड पुट्टीवर तो धरत नाही. मग नट बघा. अमेरिकन गाडीत इंची आटे असतात, ३/८ च्या बोल्टला ९/१६ चा पाना. इथं चौकटीत पक्क्या बसवलेल्या नटात एम १० चा बोल्ट बोटानं फिरत गेला आणि ३/८ चा नुसता खडखडला. सुटा बोल्ट काय, कोणीही बदलतो. भरवसा चौकटीतल्या नटावर ठेवा.

सगळ्यात वाईट काम सीट मागेपुढे करायच्या सरकपट्ट्यांचं. बाजारातल्या दोन पट्ट्या वेल्डिंगनं डकवलेल्या, त्याही समांतर नाहीत. एका बाजूचा खटका पडतो, दुसरीकडचा अधांतरी. जोरात ब्रेक मारला की सीट एका अंगानं सुटणार. खटके माणूस बसवून तपासा, रिकाम्या सीटवर फसगत होते. त्यात या मॉडेलात १९४९ पासून पेट्रोलची टाकी कॅबमध्येच, सीटच्या पाठीमागे उभी असते. हा बाक बसवून पाहिला तर त्याची मागची पट्टी थेट टाकीला घासत होती. "कॅबमध्येच टाका मारून देतो" म्हणणारा वेल्डर आला तर त्याला आल्या पावली परत पाठवा. टाकी रिकामी असली तरी आत पेट्रोलची वाफ असते.

खरी सीट गंजकी असली तरी उभी करता येते, म्हणून अशी रंगवलेली घेण्यापेक्षा उघडी-नागडी घ्या. तुटलेल्या वळीला वेल्डिंग नको, स्प्रिंगचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि शेजारीच पुन्हा तुटते; दुसऱ्या सीटची सारखी वळी काढून बांधा. स्प्रिंगांवर जाड गोणपाट ताणून क्लिपांनी कडेच्या तारेला पकडायचं, त्यावर काथ्याचा थर, मग ४० डेन्सिटीचा एक इंच फोम आणि वर पिंजलेल्या कापसाचा पातळ थर. कापसाला तर आपल्याकडे तोटा नाही. गोणपाट टाळलं की स्प्रिंगा फोम कापत जातात. आमच्या बाकात तेच होतं: फोम थेट स्प्रिंगांवर, नुसत्या गमनं चिकटवलेला, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात कॅबमध्ये तो गम सुटणारच. रेक्झिन उन्हात तापवून चढवा, क्लिपा मधून मारत जा, कोपरे शेवटी.

विकणाऱ्यानं आणखी एक पुडी सोडली होती, की ओरिजिनल सीटशिवाय व्हिंटेजची नोंदणी होत नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमात पन्नास वर्षांवरच्या खासगी गाडीची चेसिस, बॉडी शेल आणि इंजिन बदललेलं नसावं असं आहे. सीटचा त्यात शब्द नाही.

आता तक्रारीचं. ठाण्यात पहिला प्रश्न, "वस्तू भेटली ना? मग फसवणूक कशाची?" दुसऱ्या साहेबांनी सांगितलं की हा देण्याघेण्याचा वाद आहे, दिवाणीत जा. तिसऱ्यांनी फोटो पाहिले आणि हसले, "एवढ्या पैशात तर नवा सोफा येते." जिल्ह्याच्या सायबर ठाण्यात गेलो तर म्हणे माल पोचलाय, हे सायबरमध्ये बसत नाही, गावच्या ठाण्यात जा. गावच्या ठाण्यात म्हणे विकणारा दुसऱ्या जिल्ह्यातला, तिकडे जा. हद्द कुठलीही असली तरी शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवता येतो, हे आम्ही त्यांना सांगायचं? पगार कोण घेतंय? अर्जाची पोच मागितली तर शिक्का सापडत नव्हता. मिनीबसची सीट शेवरलेटची म्हणून विकणं याला फसवणूक म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? पूर्वीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे. ठाणं ऐकत नसेल तर बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा. पैसे नुकतेच गेले असतील तर त्याच तासाला १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात गेलेली असते. विकणारा हाच धंदा करत असेल तर आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. बाक उघडण्याआधी आणि उघडताना सलग व्हिडिओ काढा, नाहीतर "तुम्हीच बदलला" म्हणायला तो मोकळा.

हा माणूस अजून विकतोय. सध्या फोर्ड एफ-१०० ची सीट म्हणून ४१,००० सांगतो. खालच्या बाजूचा फोटो मागितला की ब्लॉक करतो.