लायनर लॉक की स्लिप जॉइंट? खिशातल्या घडीच्या चाकूविषयी

रोजच्या वापरासाठी सहा-सात सेंटीमीटर पात्याचा घडीचा चाकू घ्यायचे ज्यांनी ठरवले आहे, त्यांची निवड बहुधा दोन प्रकारांपाशी येऊन अडते: उघडलेले पाते आतल्या पोलादी पट्टीने अडवून धरणारा लायनर लॉक, आणि पाठीच्या स्प्रिंगच्या ताणावरच पाते तोलणारा, लॉक नसलेला स्लिप जॉइंट. मी दोन्ही आलटून पालटून वापरले आहेत.

लायनर लॉकची बाजू भक्कम आहे. चाकू बनवणारे कारागीर मायकेल वॉकर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस आजचे रूप दिलेली ही रचना एका हाताने उघडते, आणि दुसऱ्या हाताने दोरी ताणून धरलेली असताना ही सोय फार उपयोगी पडते. टोकाने भोक पाडायचे असल्यास पाते बोटांवर मिटण्याची धास्तीही बरीच कमी होते.

माझे मन उडाले ते मिटवण्याच्या पद्धतीवरून. ती पट्टी अंगठ्याने बाजूला दाबावी लागते आणि त्या वेळी अंगठा नेमका पात्याच्या वाटेत असतो. पाते थोडे खाली आले की अंगठा काढून घ्यायचा आणि मगच उरलेली घडी पूर्ण करायची. सरावाने हे अंगवळणी पडते, हे मान्य आहे. परंतु फळ कापून बोटे चिकट झाली असताना किंवा लक्ष समोरच्या माणसाच्या बोलण्याकडे असताना, जे काम न बघता व्हायला हवे तेथे मला दर वेळी थांबून खाली पाहावे लागे, आणि दिवसातून अनेकदा करावयाच्या कृतीत हा खोळंबा मला खटकत राहिला.

स्लिप जॉइंट मिटवताना तळहात पात्याच्या बोथट पाठीवर येतो आणि बोटे मुठीच्या बाजूंना राहतात. उघडायला मात्र दोन्ही हात लागतात, शिवाय स्प्रिंग कडक असेल तर पाते उघडण्यासाठी त्यावर असलेल्या खाचेतून नख निसटते. लॉक नसल्याची भीती मला थोडी अतिरंजित वाटते, कारण कापताना धारेवर येणारा दाब पात्याला उघड्या दिशेनेच रेटतो. धोका आहे तो टोचताना किंवा पाते अडकले असता पिळताना. ब्रिटनमध्ये तर तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा बिनलॉकचा घडीचा चाकूच सबळ कारणावाचून सार्वजनिक ठिकाणी बाळगता येतो. पोलादाबद्दल एवढेच सांगतो की रॉकवेल या कठीणपणाच्या मापावर ५५-५६ भरणारे मऊ पाते लवकर बोथटते, पण दगडावर तितक्याच लवकर धार घेते.

शिडीवर उभे राहून किंवा एक हात अडकवून काम करणाऱ्यांनी लायनर लॉकच घ्यावा. इतरांनी स्लिप जॉइंट पाहताना पाते पूर्ण उघडून बाजूला हलवून बघावे. ते लटपटत नसेल आणि खाचेत नख दुखत नसेल, तर माझ्या मते पुढे शोधण्याची गरज नाही.