स्कँडियमवाल्या फिल्मवर एक्सायमर लेसर: काही महिने वापरल्यावर

बिघडलेली फिल्म तापवून सुधारून देईल या आशेवर एक्सायमर लेसर (गॅसवर चालणारा, अतिनील प्रकाशाच्या पल्स सोडणारा) घेणार असाल, तर घेऊ नका.

आमचं काम मोबाइलच्या अकूस्टिक फिल्टरचं, म्हणजे फिल्मच्या कंपनांनी हवी ती फ्रिक्वेन्सी वेगळी करणाऱ्या भागांचं: मॉलिब्डेनमवर स्पटर केलेलं (निर्वातात पातळ थर म्हणून चढवलेलं) ॲल्युमिनियम नायट्राइड, बहुधा स्कँडियम मिसळलेलं. २००९ मध्ये जपानच्या अकियामा यांच्या गटाने ४३ टक्के स्कँडियमवर सुमारे पाचपट पिझो-प्रतिसाद (दाबातून वीज आणि विजेतून हालचाल होण्याचा गुण) दाखवला, तेव्हापासून सगळे त्याच्याच मागे. पण स्कँडियम वाढलं की फिल्ममध्ये वेडेवाकडे कण उगवतात. फिल्म सुधारायला भट्टीत तापवावं, तर खाली सर्किट असलेला वेफर ४०० अंशांच्या फार वर नेता येत नाही. लेसरची पल्स २०-३० नॅनोसेकंदांची. वरचे थर तापतात, खोलवरच्या सिलिकॉनला पत्ताही लागत नाही. इथवर सेल्सवाला खरं बोलतो.

तरंगलांबीचं मात्र तो बोलत नाही. या लेसरचा २४८ नॅनोमीटरचा फोटॉन ५ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, शुद्ध नायट्राइडचा बँडगॅप (प्रकाश शोषायला लागणारी किमान ऊर्जा) ६.२ च्या आसपास. म्हणजे प्रकाश बराचसा आरपार जातो आणि तापतं ते खालचं मॉलिब्डेनम. स्कँडियम वाढवलं की गॅप उतरतो, मग फिल्म स्वतःच प्रकाश शोषू लागते. त्यामुळे एका मिश्रणाची रेसिपी दुसऱ्याला चालत नाही. फ्लुएन्स (दर चौरस सेंटिमीटरवर पडणारी पल्सची ऊर्जा) कमी पडला तर काहीच होत नाही. जरा जास्त झाला की पृष्ठभागावरचा नायट्रोजन उडतो, धातू मागे उरतो आणि लीकेज (फिल्ममधून झिरपणारा करंट) वाढतं. मधली पट्टी अरुंद आहे. बीम एकसारखा नसेल तर तीही हाती लागत नाही, म्हणून होमोजेनायझरवर (बीम एकसारखा करणाऱ्या भागावर) पैसे वाचवू नका.

मिळालं काय? रॉकिंग कर्व्ह (स्फटिक किती एका दिशेला आहेत हे दाखवणारा एक्स-रे आलेख) किंचित अरुंद झाला, क्यू (ऊर्जा किती कमी वाया जाते याचं माप) थोडा वाढला. वेडेवाकडे कण जसेच्या तसे राहिले. ते कमी झाले सीड लेयर (फिल्म जिच्यावर वाढते तो सुरुवातीचा थर) बदलल्यावर, आणि त्यात लेसरचा काही संबंध नव्हता. शिवाय फिल्मच्या वरच्या आणि खालच्या भागातला ताण वेगवेगळा झाला, खालचा आधार काढून मोकळी केलेली मेम्ब्रेन (पातळ पडदा) वाकायला लागली. खाली परावर्तक थर असलेल्या रेझोनेटरना हा त्रास जाणवला नाही.

गॅसचा खर्च धरूनच बजेट करा. लेसरच्या गॅसमिश्रणात बहुतांश निऑन असतो, आणि २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे त्याचे भाव कसे भडकले ते खरेदी विभागाला अजून आठवतं. गॅस जुना झाला की मशीन व्होल्टेज वाढवून ऊर्जा टिकवतं, पण बीमचा आकार बदलतो. स्क्रीनवरचा आकडा हिरवाच दिसतो. प्रोफायलर (बीमचा आकार मोजणारं उपकरण) लावल्याशिवाय कळत नाही.

पीझेडटी (लेड झिर्कोनेट टायटनेट, दुसरा पिझो पदार्थ) करणाऱ्यांचं गणित वेगळं. त्याला स्फटिक व्हायला ६०० अंशांच्या वर जावं लागतं आणि हा प्रकाश ते वरच्या वरच शोषतं. तिथे लेसरला खरंच काम आहे. डेमोला जाताना मात्र कंपनीची नमुना फिल्म नको, स्वतःचे वेफर न्या.