जिम्नीसाठी एटी टायर : योकोहामा जिओलँडर जी०१५, मुलुंड ते मोखाडा

आधी गाडी आणि तिचं काम सांगते, कारण ते माहीत नसताना टायरबद्दल सल्ला देण्यात काही अर्थ नसतो. गाडी मारुतीची पाच दारांची जिम्नी, मॅन्युअल. मी जमीन मोजणीची खासगी कामं घेते. राहायला मुलुंडला, कामं शहापूर, वाडा, जव्हार, मोखाड्याच्या बाजूला. मागे टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र), ट्रायपॉड, प्रिझमचे दांडे, पुढे मी आणि मदतनीस. फोनवर जमीनमालक 'रस्ता अगदी बांधापर्यंत आहे' म्हणतात. बैलांसाठी असतो तो, हे तिथे गेल्यावर कळतं.

तरीही खरा हिशोब मांडला तर गाडीचे बहुतेक किलोमीटर एलबीएस मार्ग, पूर्व द्रुतगती महामार्ग, ठाणे आणि भिवंडी यांच्यातच संपतात. कच्चा रस्ता लागतो तो शेवटचे दोन-तीन किलोमीटर. गाडी अडकते ती तिथेच, पण जीव धोक्यात येतो तो ओल्या हायवेवर पुढचा ट्रक अचानक थांबतो तेव्हा. त्यामुळे माझी पहिली अट होती की पावसात गाडी नीट थांबली पाहिजे. चिखल दुसऱ्या नंबरवर. दिसण्याला मी नंबरच दिला नव्हता.

जिम्नीला कंपनीकडून १९५/८० आर १५ मापाचे (रुंदी मिमीमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) एचटी टायर येतात, म्हणजे मुख्यतः डांबरी रस्त्यासाठीचे. रस्त्यावर त्यांनी इमानेइतबारे काम केलं आणि दोन वर्षांत गोटा झाले. नवीन घ्यायचेच होते, म्हणून एटीचा, म्हणजे पक्का आणि कच्चा दोन्ही रस्त्यांसाठीच्या ऑल-टेरेन टायरचा विचार सुरू केला, आणि शेवटी योकोहामाचे जिओलँडर जी०१५ घेतले.

ऑफ-रोडवाल्या मित्रमंडळींचा आग्रह एमटीचा, म्हणजे खास चिखलासाठीच्या मड-टेरेन टायरचा होता. मोठमोठे ठोकळे, मध्ये बोट जाईल एवढ्या खाचा, गाडी लगेच रांगडी दिसते. माझा मुंबईपुरता त्याला ठाम विरोध आहे. ओल्या सिमेंटवर टायर नुसत्या मोठ्या खाचांनी धरत नाही. ठोकळ्यांवर ज्या केसासारख्या बारीक चिरा असतात, ज्यांना साइप म्हणतात, त्यांच्या कडा पाण्याचा पातळ थर फोडून रस्त्याला धरतात. एमटीच्या ठोकळ्यावर अशा चिरा कमी असतात, शिवाय रस्त्याला टेकणारं रबरच मुळात कमी. आपल्याकडे एकामागून एक रस्ते सिमेंटचे होतायत, त्यात चौकाचौकांत पेव्हर ब्लॉक आणि मेट्रोच्या कामाजवळ टाकलेल्या लोखंडी प्लेटा. त्या प्लेटांवर जुलैमध्ये ब्रेक मारून बघा, मग एमटीची हौस शिल्लक राहते का ते सांगा.

दुकानात टायर उभा करून मी बघितलं ते एवढंच : मधल्या ठोकळ्यांवर चिरा किती आणि त्या किती खोल जातात. काही टायरांवर त्या नुसत्या वरवर कोरलेल्या असतात, थोडं रबर झिजलं की गायब. जी०१५च्या मधल्या पट्ट्यात त्या भरपूर आहेत, आणि खांद्याकडे, म्हणजे टायर बाजूला वळतो तिथे, ठोकळे उघडे आणि जाड आहेत. मध्ये रस्ता, कडेला शेत. मला हेच हवं होतं.

आता मापाबद्दल, कारण सगळ्यात जास्त डोकं इथेच लागलं. मी फिरले त्या दुकानांत १९५/८० मध्ये एटीचे पर्याय जवळपास नव्हते. 'मागवून देतो, पंधरा दिवस लागतील' हे ऐकून कंटाळले. २१५/७५ आर १५ मात्र सगळीकडे होतं, कारण ते बोलेरोचं माप आहे. माझ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. उद्या मोखाड्याच्या पुढे साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू फाटली तर जिम्नीचं माप कोण ठेवून बसलंय? बोलेरो मात्र प्रत्येक गावात असते, आणि बोलेरोचा टायर तालुक्याच्या दुकानात मिळतोच. पाच मिनिटांत निर्णय झाला.

गणितही बसतं. १९५/८० आर १५ टायरची उंची ६९३ मिमी, २१५/७५ आर १५ची साधारण ७०३. फरक दीड टक्क्याचा. गाडी त्याच्या निम्म्याने, म्हणजे पाच मिमीने उचलली जाते, जे कोणाला दिसतही नाही. स्टेअरिंग पूर्ण वळवलं तरी कुठे घासत नाही. स्पीडोमीटर आणि किलोमीटर मात्र दीड टक्का कमी दाखवतात. म्हणजे नवीन टायर टाकल्यावर 'मायलेज पडलं' म्हणून जी ओरड होते, त्यातला दीड टक्का नुसता मीटरचा खेळ असतो. बाकीचं मात्र खरंच पडतं. टायर रुंद आणि जड झाल्यावर इंजिनाला ते फिरवायला जोर लागणारच. लिटरमागे एखादा किलोमीटर गेला असं धरून चाला.

कंपनीच्या मापापासून हटण्याआधी सर्व्हिस सेंटर आणि विमा कंपनी, दोघांकडून लेखी उत्तर घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, आणि 'सगळे टाकतात' हे उत्तर क्लेमच्या वेळी उपयोगी पडत नाही. २३५/७५ टाकून, गाडी उंच करणारं लिफ्ट किट लावून फिरणारे भरपूर दिसतात. त्यांना शुभेच्छा.

बीएफ गुडरिच केओटूचं नाव प्रत्येक जण घेतो. दणकट टायर आहे, प्रश्नच नाही. पण तो एलटी, म्हणजे लाइट ट्रक बांधणीचा. त्याची बाजू कडक असते, ती जड गाडीसाठी. जिम्नीचं वजन जेमतेम बाराशे किलोच्या आसपास. इतक्या हलक्या गाडीखाली कडक टायर नीट दबत नाही, आणि न दबणारा टायर खड्ड्याचा दणका थेट मणक्यात पोचवतो. फॉर्च्युनर किंवा एंडेव्हर असती तर मी वेगळा विचार केला असता. शिवाय जून २०२०मध्ये बऱ्याच टायरांची आयात मुक्त यादीतून प्रतिबंधित यादीत गेली. परदेशी टायर आवडला तरी 'दुसरा जोड कधी मिळेल' हे दुकानदाराला आधी विचारा. अपोलोचा अ‍ॅप्टेरा एटी२ आणि मॅक्सिसचा ब्राव्हो ही नावंही कानावर येतील. दोन्ही बघण्यासारखे आहेत. मला जिओलँडरच्या चिरा पटल्या, एवढंच.

दुकानाबद्दल. नाव घेत नाही, पण पहिल्या दुकानात टायर आधीच रिमवर चढवायला घेतले होते. मी टॉर्च मारून साइडवॉल वाचायला लागले तर मालक म्हणाले, "मॅडम, सगळा नवीन माल आहे, बघायचं काय त्यात?" बघायचं असतं ते डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीच्या शेवटचे चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तिथे होतं ३१२३, म्हणजे २०२३च्या जुलै-ऑगस्टमधला टायर, आणि मी उभी होते मे २०२५मध्ये. जवळपास दोन वर्षं कुठल्या गोदामात, किती उन्हात पडला होता कोण जाणे. एक बारकावा लक्षात ठेवा : पूर्ण कोड बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतो. ती बाजू आत गेली की गाडीखाली झोपल्याशिवाय दिसत नाही. म्हणून वाचायचं ते टायर रिमवर चढण्याआधी. सोबत आयएसआयचा शिक्का आणि लोड इंडेक्सही बघून घ्या. जिम्नीच्या मूळ टायरचा इंडेक्स ९६ आहे, म्हणजे एका टायरला ७१० किलो. नवीन टायर त्याच्या खाली नको. १०० म्हणजे ८०० किलो.

दुसऱ्या दुकानात ०८२५ मिळाले. फिटिंग करणारा मुलगा स्वतःहून म्हणाला, "ताई, पहिले काही दिवस जरा सांभाळून, नवीन टायर सटकतो." खरं आहे ते. साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेला थर वर राहिलेला असतो, तो घासून जाईपर्यंत पकड पूर्ण मिळत नाही. व्हॉल्व्ह नवीन, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, सगळं समोर करून घेतलं. एक टायर आठ हजारांच्या आसपास पडला. माझ्या बिलावर २८ टक्के जीएसटी आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून तो १८ झाला, म्हणजे मूळ भाव तोच असेल तर आता एकूण बिल पावणेआठ टक्क्यांनी कमी यायला हवं. दुकानदार दहा टक्के म्हणाला तर फारच चांगलं, घेऊन टाका.

टायर बसवले आणि पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झाला, इतक्या लवकर गेल्या पंचाहत्तर वर्षांत आला नव्हता. त्यामुळे परीक्षा लगेच झाली. भर पावसात ठाण्याकडून येताना लेन बदलली, ब्रेक दाबला, साचलेल्या पाण्यातून चाक गेलं, कुठेही गाडी तरंगल्यासारखी वाटली नाही. स्टेअरिंग आधीपेक्षा किंचित जड आणि जरासं आळशी झालंय, वळणावर गाडी एक क्षण उशिरा ऐकते. रुंद एटी टाकला की हे येतंच. साठच्या पुढे एक गुणगुण सुरू होते, सिमेंटवर जास्त, डांबरावर कमी. जिम्नी तशीही काही शांत गाडी नाही, पण घरच्यांना नाशिकला न्यायचं असेल तर आवाज त्यांना जाणवेल.

भिवंडी ते वाडा रस्त्याच्या खड्ड्यांत मात्र उंच साइडवॉलचं सुख कळतं. रिमपासून जमिनीपर्यंत १६० मिमी रबर आहे. पंधरा इंची रिमला कोणी हिणवलं तर त्यांना तिथे घेऊन जा. अलॉय वाकणं आणि टायरला फुगा येणं, दोन्हीचं मूळ बऱ्याचदा मोठ्या रिमवरच्या बुटक्या टायरात असतं.

शहापूरच्या बाजूला मुरूम आणि काळ्या दगडाची सुटी खडी लागते, चढही चांगलेच. तिथे हवा वीस पॉइंटवर (पीएसआय) उतरवली की टायर पसरतो आणि दगडाला धरून चढतो. चाकं फिरत राहून खडी उडवत नाहीत. त्यासाठी सोबत बारा व्होल्टचा कंप्रेसर हवाच. हवा कमी असताना डांबरावर वेगाने गाडी हाकली तर टायर तापून जाईल, म्हणून पक्का रस्ता लागायच्या आधी भरून घ्यायची. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं, पंपावरच्या पोराच्या अंदाजावर नाही.

वाड्याच्या भातखाचरांची गोष्ट वेगळी. ती चिकण माती टायरच्या नक्षीत पुरणासारखी गच्च बसते, आणि एकदा खाचा भरल्या की एटी काय नि एचटी काय, सगळे सारखेच. कुठल्याही ब्रँडच्या एटीची ही मर्यादा आहे. अशा ठिकाणी मी गाडी बांधावर लावते आणि ट्रायपॉड खांद्यावर घेऊन चालत जाते. लोकांना हा ऑफ-रोडिंगचा अपमान वाटतो. ट्रॅक्टर बोलवायला किती पैसे पडतात ते त्यांना माहीत नसावं. आणि हो, चौपाटीवर गाडी नेण्यासाठी एटी घेत असाल तर राहू द्या. भरतीत अडकलेल्या गाड्यांचे आणि मालकांवरच्या गुन्ह्यांचे व्हिडिओ दर मोसमात येतात.

टायरच्या बाजूवर डोंगर आणि बर्फाच्या फुलाचं चिन्ह आहे. बर्फातल्या चाचणीत तो पास झाला असा त्याचा अर्थ. दुकानदार त्यावर बराच वेळ बोलला. मुलुंडमध्ये त्याचा उपयोग शून्य.

पंक्चर झालं, भिवंडीतच, खिळा. दोरा घालून पाच मिनिटांत काम भागवणारे वाटेत भेटतात, पण घरी आल्यावर टायर उतरवून आतून मशरूम पॅच मारून घेतला. दोरा तात्पुरता. साइडवॉलला चीर गेली तर मात्र पॅचही नाही, तो टायर बदलायचाच.

ज्यांची जिम्नी बांद्रा ते बोरिवली आणि वर्षातून एकदा लोणावळा एवढीच फिरते, त्यांनी एचटीच घ्यावेत, पैसे आणि कान दोन्ही वाचतील.

घेणार असाल तर चार नाही, पाच घ्या. मी घेतले तेव्हा 'स्टेपनी जुनीच राहू द्या, कशाला खर्च' असं दुकानदार दोनदा म्हणाला. जिम्नीचं फोर-व्हील पार्टटाइम आहे, पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं सेंटर डिफरेन्शियल नाही. फोर-व्हील लावल्यावर दोन्ही अ‍ॅक्सल एकाच वेगाने फिरतात. एका चाकाची उंची दहा मिमीने कमी असेल तर तो ताण ट्रान्सफर केस (दोन्ही अ‍ॅक्सलना ताकद वाटणारी गिअरची पेटी) आणि शाफ्टवर येतो, आणि पंक्चर नेमकं फोर-व्हील लागतं तिथेच होतं. नक्षीला उजवी-डावी दिशा नसल्यामुळे पाचही टायर आलटून पालटून फिरवता येतात, आणि पाचही सारखे झिजतात. जुनी स्टेपनी जवळपास कोरी होती, ती त्याच दुकानदाराने दीड हजाराला घेतली. मी दोन मागितले होते.