सदाशिव पेठेतली ड्रायपॉइंट कार्यशाळा: फी वसूल

सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर छापचित्रांची दोन दिवसांची कार्यशाळा असते. ड्रायपॉइंट म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर सुईने कोरायचं, ॲसिड नाही. फी साडेतीन हजार, त्यात पत्रा, शाई, कागद सगळं आलं. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. आकृत्यांची हौस म्हणून गेले. फी पुरेपूर वसूल झाली. कारण सर पत्र्याला सुई लावू देण्याआधी डावं-उजवं पक्कं करून घेतात.

शेजारच्या काकूंनी डाव्या सोंडेचा गणपती काढून आणला होता. सर म्हणाले, "काकू, असाच कोरलात तर कागदावर उजव्या सोंडेचा येईल. घरात लावणार ना?" काकू दचकल्याच. उजव्या सोंडेचं सोवळं कोण सांभाळणार! सरांनी चित्र ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतलं, कागद पालथा घालून पत्र्यावर गिरवायला लावला आणि मूळ चित्रासमोर आरसा उभा केला. आरशात बघत कोरायचं.

मी शंख नेला होता. साधा शंख दिसतो तसा कोरला तर छापात दक्षिणावर्ती होतो, आणि तो तर खरा क्वचितच सापडतो. सरांनी डच चित्रकार रेम्ब्राँचं १६५० चं शंखाचं छापचित्र दाखवलं. त्यातलं वेटोळं निसर्गाच्या उलट आहे, सही मात्र सुलट वाचता येते. म्हणजे अक्षरं त्याने पत्र्यावर आठवणीने उलटी कोरली, शंख तसाच ठेवला! नववीच्या वर्गाला मी हे चित्र दाखवणारच. आपल्याकडे १८०५ साली मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली, तेव्हा अठरा अध्याय उलट्या अक्षरांत कोरणाऱ्याचा हात काय बसला असेल!

सगळ्यात आवडलं ते पुढचं. पहिला छाप ओला असतानाच सरांनी त्यावर कोरा ओलसर कागद ठेवून दोन्ही प्रेसमधून काढले. दुसऱ्यावर फिकं चित्र उमटलं, पण पत्र्यावर आहे त्याच बाजूचं. ते पत्र्याशेजारी ठेवलं की कुठली रेघ वाढवायची ते थेट ताडून बघता येतं.

प्रेस एकच असल्याने दुपारी बराच वेळ ताटकळावं लागतं, आणि उजेड आणखी हवा. सुईने कोरताना रेघेलगत तांब्याची जी कड उचलली जाते ती प्रेसच्या दाबाने झिजते, त्यामुळे चांगले छाप थोडेच निघतात. भेट द्यायचे असतील तर ते पहिल्यांदाच बाजूला काढा. गाडी लांब लावून चालत या, बोळात जागा नाही.