सूर्य की गुरू: इलेक्ट्रॉन-झोतांच्या रेडिओ लहरी नोंदवण्यासाठी काय निवडावे?

प्लाझ्मातील (मोकळे इलेक्ट्रॉन आणि आयन असलेल्या वायूतील) इलेक्ट्रॉनांच्या झोतातून रेडिओ लहरी कशा जन्मतात आणि वाढतात, हे पदवीच्या प्रकल्पात स्वतः नोंदवायचे असेल, तर सूर्याचे ‘तिसऱ्या प्रकारचे’ म्हणून ओळखले जाणारे, झपाट्याने वारंवारता बदलणारे रेडिओ-स्फोट किंवा गुरूचे डेकामीटर उत्सर्जन (दहा मीटरच्या आसपास तरंगलांबीच्या रेडिओ लहरी), यांपैकी एकाची निवड करावी लागते.

सूर्यावर ही प्रक्रिया दोन टप्प्यांत घडते. प्रकाशाच्या वेगाच्या एक दशांश ते एक तृतीयांश वेगाने किरीटातून, म्हणजे सूर्याच्या बाह्य वातावरणातून, निघालेला झोत, आपल्यापेक्षा किंचित संथ सरकणाऱ्या लँगम्युअर लहरींना (प्लाझ्मातील इलेक्ट्रॉनांच्या दोलनांच्या लहरींना) ऊर्जा देऊन वाढवतो. पण या लहरी प्लाझ्मातच अडकलेल्या असतात आणि त्यांच्या ऊर्जेचा थोडासाच भाग रेडिओ लहरींत रूपांतरित होऊन, प्लाझ्मा-वारंवारतेला (प्लाझ्मातील इलेक्ट्रॉनांच्या नैसर्गिक दोलनाच्या वारंवारतेला) किंवा तिच्या दुपटीला, बाहेर पडतो. ही वारंवारता घनतेवर ठरते: घन सेंटिमीटरमागे १० कोटी इलेक्ट्रॉन असतील तर सुमारे ९० मेगाहर्ट्झ. झोत विरळ थरांत चढत गेला की स्फोटही काही सेकंदांत खालच्या वारंवारतांकडे घसरतो, आणि ही घसरण हाच झोताचा मुख्य पुरावा असतो.

गुरूवर लँगम्युअर लहरींसारखा मध्यस्थ नाही. ध्रुवांजवळच्या विरळ प्लाझ्मात, चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन गिरकीच्या वारंवारतेला थेट रेडिओ लहरच वाढवतात. लहर वाढवणाऱ्या या यंत्रणेलाच सायक्लोट्रॉन मेसर म्हणतात. एका गॉसला (चुंबकीय क्षेत्राचे एकक) २.८ मेगाहर्ट्झ या हिशेबाने तेथील सुमारे १४ गॉसच्या क्षेत्रामुळे हे उत्सर्जन ४० मेगाहर्ट्झच्या आसपास संपते. ते पोकळ शंकूच्या कडेनेच बाहेर पडत असल्याने, आयो हा उपग्रह आणि गुरूची आपल्याकडे वळलेली बाजू यांचे गणित जुळले तरच ऐकू येण्याची चांगली शक्यता असते.

त्यामुळे माझ्या मते निर्णय यंत्रावर सोडावा. हाताशी २०.१ मेगाहर्ट्झचा एकच वारंवारता ऐकणारा संग्राहक आणि सुमारे ७ मीटर लांबीचे दोन द्विध्रुव (दोन भुजांचे तारेचे) अँटेना असतील, तर गुरू घ्यावा. सूर्याचा स्फोट त्यावर ऐकू येईल, पण घसरण दिसणार नाही. ४५ ते ८७० मेगाहर्ट्झचा ‘कॅलिस्टो’ नावाचा वर्णपटमापक (अनेक वारंवारता एकामागून एक नोंदवणारे यंत्र) मिळत असेल, तर गुरू त्याच्या पट्ट्यातच येत नाही आणि सूर्याला पर्याय उरत नाही. सूर्याचे काम दिवसा, कॉलेजच्या वेळेत होते, मात्र सौरचक्राच्या मंद वर्षांत बरीच वाट पाहावी लागते. गुरूसाठी रात्री जागावे लागते, आणि महाराष्ट्रात पावसाळी विजांची खरखर २० मेगाहर्ट्झला इतकी असते की जून ते सप्टेंबर हा काळ अँटेना उभारण्यात आणि आयोची वेळापत्रके मांडण्यात घालवलेला बरा.