पाणी तपासायची पेटी : दोन वर्षं वापरून झाल्यावर

माझ्या धाकट्या जावेच्या माहेरी बचत गटात विषय निघालाय की गटाच्या पैशातून पाणी तपासायची पेटी घ्यावी का. तिनं मला विचारलं, "वहिनी, खरंच उपयोग होतो का, का नुसतीच शोभेची?" फोनवर सांगायला बसले तर अर्धा तास गेला आणि तरी निम्मं राहिलंच. म्हणून लिहूनच टाकते.

आमचं गाव कृष्णाकाठचं, चहूकडं ऊस. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं, त्या पाचांतली मी एक. दोन दिवसांचं शिक्षण झालं आणि प्लॅस्टिकची निळी पेटी घेऊन घरी आले. आत काचेच्या नळ्या, थेंबांच्या बाटल्या, पुड्या, रंगांचे तक्ते आणि इंग्रजीतलं पुस्तक. पहिली तक्रार इथंच. बायकांच्या हातात द्यायची वस्तू आणि पुस्तक इंग्रजीत! मी वहीत सगळं मराठीत उतरवून काढलं, आता बाकीच्या चौघी त्या वहीवरच चालतात.

काय काय तपासता येतं? सामू, गढूळपणा, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, लोह, नायट्रेट, शिल्लक क्लोरीन. जंतूंसाठी वेगळ्या बाटल्या. कठीणपणाची तपासणी मला सगळ्यात आवडते. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, औषध घातलं की ते दारूसारखं लाल होतं. मग दुसऱ्या बाटलीतला एकेक थेंब टाकत हलवत राहायचं, एकदम निळं झालं की थांबायचं. जितके थेंब तितका कठीणपणा. बोअरचं पाणी असलं की थेंब मोजता मोजता कंटाळा येतो. डाळ का शिजत नाही, हे सासूबाईंना मी थेंब मोजूनच पटवलं.

पण पेटीची किंमत खरी वसूल झाली ती नायट्रेटला. ओढ्याकडच्या हातपंपाचं पाणी गोड लागतं, म्हणून निम्मी आळी तिथंच भरायची. पुडी टाकून नळी हलवली, सांगितलं तेवढी मिनिटं थांबले, तर पाणी गुलाबी नाही, अगदी जांभळट झालं. तक्त्यावरच्या 45 च्या चौकटीच्या कितीतरी पुढं. लिटरला 45 मिलिग्रॅम ही भारतीय मानकातली मर्यादा, आणि तिला वर सूट नाही. कठीणपणाला 200 पासून, दुसरी सोय नसेल तर, 600 पर्यंत चालवून घेतात. नायट्रेटचं तसं नाही. आणि हे उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. बाळांना वरचं दूध कालवायला तर अजिबात वापरायचं नाही, बाळ निळं पडतं. हे मला शिक्षणातच सांगितलं होतं, पण ती नळी हातात धरल्यावर पोटात गोळा आला, कारण त्याच आळीत तेव्हा तीन महिन्यांचं पोर होतं.

उसाला आम्ही युरिया कसा टाकतो ते मी सांगायला नको. पाट पाणी, पोत्यानं खत, आणि ते सगळं शेवटी खालीच मुरतं.

पंचायतीत सांगितल्यावर आमच्या एका मोठ्या माणसानं मला बाजूला घेतलं. "वहिनी, कशाला उगा गावाचं नाव घालवताय? त्या पेटीला काय कळतंय?" खरं सांगायचं तर त्याचं शेवटचं वाक्य अर्धं बरोबर होतं. पेटी अंदाज देते, निकाल देत नाही. रंग डोळ्यानं जुळवायचा, त्यात संध्याकाळचा उजेड आणि माझा चष्मा. म्हणून मी वाद घातला नाही. स्वच्छ बाटलीत नमुना भरला, चिठ्ठी लावली आणि भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत पाठवायला लावला. तिथला आकडाही 45 च्या वरच निघाला. मग त्या पंपावर लाल रंगानं 'पिण्यास अयोग्य' लिहिलं. धुणंभांडी अजून तिथंच होतात, त्याला हरकत नाही.

आता क्लोरीनबद्दल, कारण रोजचं काम तेच. ते तपासायच्या औषधाला, ऑर्थोटोलिडिनला, आम्ही ओटीची बाटली म्हणतो. नळाच्या पाण्यात थेंब टाकला की क्लोरीन असेल तर पिवळं होतं. शेवटच्या घराच्या नळाला लिटरमागं निदान 0.2 मिलिग्रॅम हवं. टाकीखालच्या नळाला पिवळंधमक आणि शेवटच्या आळीत पांढरंफटक, असं आमच्याकडं पहिले चार महिने चाललं. इथं एक गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती, अनुभवानं कळली. रंग लगेच बघायचा. नळी हातात धरून गप्पा मारत बसलं की पिवळा रंग आपोआप गडद होत जातो, कारण मग घाणीशी बांधलं गेलेलं क्लोरीनही रंगात येतं. आमचा जलसुरक्षक, म्हणजे टाकीत क्लोरीन घालणारा पंचायतीचा माणूस, तपासताना गावभरच्या गप्पा का मारत होता, ते मला त्या दिवशी कळलं. बिचारा मुद्दाम करत होता असं नाही म्हणत. पण वहीत मात्र रोज छान आकडा पडत होता.

दुसऱ्या दिवशी मी पंचायतीच्या खोलीत टीसीएलचं, म्हणजे पाण्यात घालायच्या ब्लीचिंग पावडरीचं, पोतं बघायला गेले. उघडं, भिंतीला टेकलेलं, खाली ओल. वास मारायला हवा तो नाहीच. हवा लागली की त्यातलं क्लोरीन उडून जातं आणि हातात चुनाच राहतो. ते टाकीत ओतून काय होणार? आता झाकणाच्या ड्रममध्ये असतं, आणि 1000 लिटरला 5 ग्रॅम या हिशेबानं बादलीत कालवून, चुना बसू देऊन, वरची निवळीच टाकीत जाते. अर्धा तास थांबून मग व्हॉल्व्ह उघडतो. एवढ्यानंच शेवटच्या आळीतलं पाणी पिवळं दिसायला लागलं.

जंतूंच्या बाटल्यांबद्दल माझं मत जरा संमिश्र. कागदाच्या पट्टीवर औषध सुकवून बाटलीत ठेवायची ही युक्ती 1982 साली ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी मांडली, आणि गावात बसून करता येईल इतकी सोपी आहे. खुणेपर्यंत पाणी भरायचं, दोन दिवसांपर्यंत उबेत ठेवायचं. काळं पडलं तर पाणी संशयित. थंडीत ऊब कुठून आणायची? मी चुलीवरच्या फळीवर गोधडीत गुंडाळून ठेवली, आणि नातवानं ती काळी झालेली बघून शाई म्हणून खेळायला घेतली. तेव्हापासून बाटली उंचावर. किती जंतू हे ती सांगत नाही. गंधकाचा वास असलेल्या बोअरला तर घाण नसतानाही काळी पडू शकते. त्यामुळं काळी बाटली म्हणजे लगेच आरडाओरडा नको. पुन्हा नमुना, आणि मग प्रयोगशाळा.

पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन धोका किती त्याप्रमाणं गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आमचं पिवळं होतं, फळ्यावर लावलेलं, त्यावर कॅलेंडर टांगलेलं. मी कॅलेंडर काढून दुसऱ्या खिळ्याला लावलं. तेवढंच माझं राजकारण. मागच्या ग्रामसभेत आमच्या तपासण्यांची वही वाचून दाखवली, तर पहिल्यांदाच बायकांच्या बाजूनं प्रश्न आले, पुरुषांकडून नाही.

पेटीला पाचापैकी साडेतीन. अर्धा इंग्रजी पुस्तकाचा कापला, अर्धा तक्त्याचा, कारण उन्हात ठेवला की त्याचे रंगच उडतात आणि मग काय जुळवायचं? उरलेला अर्धा औषधांचा. थेंबांना, पुड्यांना मुदत असते, आणि नवीन आणायला कुणाच्या खिशातून पैसे निघायचे हे कुणी ठरवलेलं नाही. जाऊबाई, गटानं पेटी घ्यायचीच असेल तर आधी विचार, सुट्या बाटल्या मिळतात का, कुठं, किती दिवसांत. तपासून झालेलं ओटीचं पाणी गटारीत ओतायचं, पोराबाळांच्या हाती लागू द्यायचं नाही, हेही बाकीच्यांना सांग.

आमची नायट्रेटची पूड पुढच्या महिन्यात संपतेय. पंचायतीच्या भाऊसाहेबांना चिठ्ठी दिलीये, तिसरी.